टकटक साहेबांची दहा धुराडी

सहाव्या कारखान्याच्या फाटकापाशी दादा पुन्हा थांबला, तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला, की आपण काही पाय मोकळे करायला निघालेलो नाही.

सकाळी आठलाच तो दारात येऊन उभा राहिला होता. "चल गं, जरा फिरून येऊ. रविवारच आहे." बाईंनी पाचवीच्या वह्यांचा गठ्ठा बाजूला सारला, देवाला नमस्कार केला आणि पायात चपला सरकवल्या. वहिनी गेल्यापासून हा भाऊ आपणहून कुठे चल म्हणाला नव्हता. म्हणून त्यांनी कुठे, किती लांब, काही विचारलं नाही. आता साडेदहा होत आले होते. कारखान्यांच्या रस्त्याला लागून तास उलटून गेला होता, आणि दादाचं एकच चाललं होतं. फाटक आलं की थबकायचं, मान वर करून धुराड्याकडे बघायचं, ओठातल्या ओठात काहीतरी म्हणायचं आणि पुढे निघायचं.

मागून सायकलची घंटी वाजली. एकदा, दोनदा, मग लागोपाठ. दादा रस्त्याच्या मधोमध चालतच राहिला. बाईंनी त्याचा दंड धरून त्याला खसकन बाजूला ओढलं.

"ओ काका, रस्ता काय घरी न्यायचाय?" सायकलवाला जाता जाता ओरडला.

"काय झालं?" दादा म्हणाला.

"काय झालं म्हणे! घंटी वाजवून वाजवून अंगठा दुखला असेल बिचाऱ्याचा. लक्ष कुठे आहे तुझं?"

दादा सायकल वळणाआड जाईपर्यंत तिकडे बघत राहिला.

फाटक बिस्किटांच्या कारखान्याचं होतं. भाजक्या पिठाचा गोडसर वास रस्त्यापर्यंत आला होता. आतून पहारेकरी लगबगीनं बाहेर आला आणि दादाला बघून त्यानं कपाळाला हात लावला.

"टकटक साहेब! अहो, रविवारी तरी? घरातून हाकलून देतात की काय तुम्हाला?"

"ही माझी बहीण. हिनंच बाहेर काढलं," दादानं थाप मारली.

"बरं केलंत बाई. पण इकडे कशाला आणलंत? एखादी बाग दाखवायची, तळं दाखवायचं. यांना बॉयलर सोडून जगात काही आहे हे माहीतच नाही."

"चालू आहे का?" दादानं विचारलं.

"चालू म्हणजे? महिनाभर थांबलेला नाही. ऑर्डरवर ऑर्डर आहे. आणि काळजीच काय आम्हाला? तुमच्या सहीचं प्रमाणपत्र काचेत घालून भिंतीला लावलंय मालकांनी. म्हणतात, टकटक साहेबांची सही असली की मला झोप लागते."

पहारेकरी कौतुकानंच बोलत होता, पण दादाचा चेहरा उतरला तो बाईंनी बघितला. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. काहीतरी बिनसलंय, एवढं त्यांना कळलं.

दादाच्या कार्यालयाच्या पाटीवर 'बाष्पके निरीक्षक' असं लिहिलेलं होतं. बाष्पक म्हणजे बॉयलर. पण तो शब्द पाटीखेरीज कुणाच्या तोंडी असल्याचं बाईंना आठवत नव्हतं. वाफेवर चालणारा कुठलाही कारखाना घ्या, लाँड्री असो, कापडाची रंगाई असो, औषधं असोत. त्याच्या बॉयलरला वर्षातून एकदा सरकारी माणसानं आतबाहेर तपासून 'ठीक' म्हटल्याशिवाय तो पेटवता येत नाही. किती दाबापर्यंत चालवायचा ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. मुदत बारा महिन्यांची. बारा महिने संपले की बॉयलर विझवायचा, थंड करायचा, रिकामा करायचा, झाकणं उघडायची आणि निरीक्षकाची वाट बघायची.

दादा हे काम बत्तीस वर्षं करत होता. वडील गिरणीच्या भट्टीत कोळसा लोटायचे. त्यांच्या हातांवर भाजल्याचे डाग होते आणि ते दोघा भावंडांनी लहानपणी बोटांनी मोजले होते. पदविका घेऊन दादा नोकरीला लागला तेव्हा वडील एवढंच म्हणाले होते, "आमच्याकडे निरीक्षक यायचा तो मालकाच्या खोलीत बसून सही करून जायचा. तू आत जा." दादानं ते गाठीला बांधलं. बॉयलरच्या अंगाला माणूस जेमतेम आत शिरेल एवढं एक लंबगोल भोक असतं. त्यातून तो खांदे आवळून आत उतरायचा. लग्नानंतर वहिनींनी त्याचं वजन कधी वाढू दिलं नाही. ताटातला शेवटचा घास उचलून घेत म्हणायच्या, "माझ्या नवऱ्याची मापं शिंप्याकडे नाहीत बाई, बॉयलरच्या भोकाला आहेत."

आत गेल्यावर बॅटरीच्या उजेडात बघायचं, आणि छोट्या हातोडीनं ठोकत जायचं. पत्रा, जोड, आणि दोन्ही टोकांच्या पत्र्यांना आतून ओढून धरणाऱ्या जाड सळया. धड लोखंड खणखणीत वाजतं. आतून खाल्लेलं, तुटलेलं लोखंड बोदं वाजतं. दादाला शिकवणारे जुने साहेब त्याला सहा महिने डोळे मिटून ठोकायला लावायचे. जाडी मोजायचं यंत्रही पुढे आलं. पण ते सगळ्या कार्यालयात मिळून एक, आणि वर्षातले सहा महिने दुरुस्तीला. हातोडी मात्र कायम दादाच्या पिशवीत. बॉयलरच्या पोटातून तासन्‌तास टक टक ऐकू येई, म्हणून कामगारांनीच त्याला ते नाव पाडलं होतं. कारखान्यात तो चहासुद्धा घेत नसे. एका मालकानं वैतागून विचारलं होतं, "साहेब, पाणी तरी पिता का, की तेही तपासून?" दादा म्हणाला होता, "पाणी बॉयलरला लागतं. आधी त्याचं बघू."

बिस्किटांचा कारखाना मागे पडल्यावर रस्त्याला एक ओढा लागला. पुलाच्या कठड्यावर बाईंनी बैठक मारली.

"आता मी एक पाऊल पुढे टाकणार नाही. माझे गुडघे सरकारी नाहीत. काय चाललंय ते सांग."

दादाही शेजारी टेकला. पिशवी मांडीवर घेतली.

"दहा आहेत," तो म्हणाला. "या रस्त्यानं सात, आणि तीन पलीकडे. सगळे चालू आहेत का ते बघत होतो. एखादा तरी बंद असेल असं वाटलं होतं."

"बरं मग? चालू आहेत म्हणून तोंड का पाडलंयस?"

"मला ऐकू येत नाही."

बाईंना आधी वाटलं, आपलं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नाही. मग त्यांना मघाची सायकलची घंटी आठवली.

दादा समोर बघून सांगत राहिला. बोललेलं कळतं, समोर माणूस असला तर अगदी छान कळतं. गेलंय ते बारीक, वरच्या पट्टीतलं. कुकरची शिट्टी, फोनची रिंग, घंटी. बत्तीस वर्षं लोखंडी पिंपात बसून लोखंडावर लोखंड आपटलं, दुसरं काय होणार. कधी गेलं ते नेमकं त्यालाही सांगता येत नव्हतं. ठोकल्यावर हाताला जो झटका बसतो, त्यावरून तो अंदाज बांधत होता आणि आपल्याला ऐकू येतंय असंच धरून चालला होता. सवयीनं.

"मग कळलं कसं?"

"लाँड्रीचा फायरमन घरी आला होता. तीन आठवडे झाले."

फायरमन म्हणजे बॉयलर पेटवणारा, त्याच्यावर लक्ष ठेवणारा माणूस. हा लाँड्रीतला वयानं दादाएवढाच. संध्याकाळी आला, दारातच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना. शेवटी म्हणाला, "साहेब, राग मानू नका. तपासणीच्या दिवशी मी भोकाच्या तोंडाशीच होतो. तुम्ही मागच्या बाजूच्या तिसऱ्या सळईवर हातोडी मारलीत ती बोदी वाजली. मला वाटलं, तुम्ही आता थांबाल. तुम्ही पुढे गेलात. बाहेर येऊन म्हणालात, चला, ठीक आहे. मालक शेजारी होते, मी काय बोलणार? तेव्हापासून ड्यूटीला जाताना घरच्यांना येतो म्हणताना जीभ अडखळते."

"तू काय म्हणालास त्याला?"

"काय म्हणणार? पाया पडायचंच बाकी ठेवलं."

दुसऱ्या दिवशी दादानं लाँड्री गाठली. निरीक्षकाला कुठलाही बॉयलर कधीही थांबवून तपासता येतो, कायद्यातच आहे ते. मालकानं आकाशपाताळ एक केलं. हॉस्पिटलच्या चादरी आहेत, लोक खोळंबतील, टकटक साहेबांचं डोकं फिरलं. बॉयलर थंड व्हायला दोन दिवस लागले. दादा आत गेला आणि या खेपेला हातोडी न मारता ती सळई हातानं चाचपली. पत्र्याला जिथे मिळते तिथेच ती गंजून आरपार तुटली होती. पाण्याचा दाब देऊन करतात त्या चाचणीत ती टिकली होती, कारण शेजारच्या सळयांनी भार पेलला होता. किती दिवस पेलला असता, ते देवालाच माहीत.

"ती बदलली. ते झालं," दादा म्हणाला. "पण आत शिरून ठोकावे लागतात असे मोठे बॉयलर या हंगामात मी अकरा तपासले. त्याच कानांनी."

ओढ्याच्या पलीकडे एक धुराडं दिसत होतं. पातळ करडा धूर सरळ वर जात होता.

"मोठ्या साहेबांना सांगितलंस?"

"त्याच दिवशी सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, खुर्ची दिली. माणूस वाईट नाही गं. म्हणाले, सहाशे बॉयलर आणि निरीक्षकांच्या जागा चार, त्यातल्या दोन रिकाम्या. तुमच्या दहा फेरतपासण्या मी कुणाकडून करून घेऊ? दहा कारखाने बंद ठेवले तर हजारभर माणसं घरी बसतील. आणि एकदा का कागदावर आलं की निरीक्षकाला ऐकू येत नव्हतं, की लोक तुमची बत्तीस वर्षांची प्रत्येक सही कोर्टात उभी करतील. चार महिने राहिलेत. उद्यापासून रजेवर जा, मी मंजूर करतो. सुखानं निवृत्त व्हा."

बाईंना पहिल्यांदा वाटलं ते हेच, की बरोबर बोलले ते. बत्तीस वर्षं ज्यानं कुणाचा चहा घेतला नाही, त्याच्या नावाला शेवटी काळं लागावं? त्यांनी दादाच्या पाठीवर हात ठेवला.

"मग घे की रजा. एकाला देवानं वाचवलं ना वेळेवर? त्या फायरमनला त्यानंच तुझ्या दारी पाठवलं. बाकीच्यांनाही तोच सांभाळेल."

"देव सांभाळेल गं. पण प्रमाणपत्रावर सही माझी आहे."

बाई ओढ्यातल्या पाण्याकडे बघत बसल्या. इतकी वर्षं मुलांना त्या सांगत आल्या होत्या, चुकलं की पाटी पुसायच्या आधी हात वर करायचा. सोपं वाटायचं सांगायला. साठीला टेकलेल्या भावाला तेच सांगणं तसं सोपं नव्हतं.

तेवढ्यात बिस्किटांच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि रविवारची अर्धी पाळी सुटली. पुलावरून बायकांचा घोळका आला, डोक्याला बांधलेले रुमाल सोडत, एकमेकींना ढकलत, हसत. त्यातली एक बाईंना बघून थबकली.

"अगं बाई, तुम्ही इथे? आमची कार्टी अभ्यास करते का हो वर्गात?"

"करते. पण बोलते फार."

"माझ्यावर गेलीय!" ती मोठ्यानं हसली. "कान उपटा तिचा. मला कुठे वेळ असतो, दिवसभर पाकिटं भरायची. बॉयलरच्या भिंतीला टेकूनच टेबल आहे आमचं. थंडीत मजा असते हो, उन्हाळ्यात मात्र भाजून निघतो, बिस्किटासारखे! येते हं." आणि ती पळत जाऊन आपल्या घोळक्याला मिळाली.

बाईंच्या वर्गातल्या चार मुलींच्या आया त्या टेबलावर बसायच्या. हे त्यांना आधीही ठाऊक होतं, पण भिंत कसली ते ठाऊक नव्हतं. दादानं मान वळवून त्या बायकांकडे बघितलंसुद्धा नाही. त्याची बोटं पिशवीचा बंद उगाचच गुंडाळत होती.

"तोंडी सांगून झालं म्हणतोस," बाई सावकाश म्हणाल्या. "मग लिहून दे."

"तेच. तोंडी सांगितलेलं आमच्याकडे झालेलंच नसतं. मोठे साहेब उद्या शपथेवर म्हणतील, मला कुणी काही सांगितलं नाही, आणि ते खोटंही ठरणार नाही. पण आवक खिडकीवर कागद दिला, त्यावर शिक्का आणि क्रमांक पडला, की तो कुणाला गिळता येत नाही. त्याच्यावर काहीतरी लिहावंच लागतं. हो लिहा, नाही लिहा, पण खाली सही करून. आणि लोकांच्या जिवाची गोष्ट असली तर नाही लिहायला कुणाचा हात धजत नाही. शेजारच्या जिल्ह्यातून निरीक्षक मागवतील. एकेक करून उघडतील. पंधरा दिवसांत होईल सगळं."

"मग अडलंय कुठे?"

दादानं पिशवीतून चार घड्या घातलेले तीन कागद काढले आणि बाईंच्या हातात दिले. सुंदर अक्षर होतं. वडिलांनी घोटून घेतलेलं. बाईंनी चष्मा लावला आणि पहिला वाचला.

'सदर हंगामात पार पाडण्यात आलेल्या तपासण्यांच्या अनुषंगाने काही तांत्रिक स्वरूपाच्या त्रुटी राहिल्या असण्याची शक्यता नाकारता येत नसल्याने योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.'

"कुणाच्या त्रुटी?"

"पुढचा वाच."

दुसऱ्यात श्रवणक्षमता हा शब्द आला होता, पण ती क्षमता कुणाची ते कुठेच नव्हतं. 'बाब निदर्शनास आली', 'शंका उद्भवली', 'पुनर्विलोकन व्हावे'. तिसरा अर्ध्यावर सुटला होता.

"दादा, हे काय आहे रे? याच्यात माणूसच नाही. आपोआप उद्भवलं, आपोआप निदर्शनास आलं. माझ्या वर्गात असा निबंध लिहिला असतास तर उभा केला असता तुला."

"माहितेय मला."

"सोपं आहे. मला ऐकू येत नाही, म्हणून हे दहा बॉयलर पुन्हा तपासा. संपलं."

"बत्तीस वर्षं अशीच वाक्यं लिहिली गं मी. त्यात 'मी' लिहायचा नसतो. निरीक्षकाचं मत असतं, कार्यालयाचं मत असतं." तो थांबला. "आठ दिवस रोज सकाळी बसतो. पेन उचललं की हेच उतरतं. आणि मोठे साहेब हुशार आहेत. असा कागद गेला तर ते 'अधिक स्पष्टीकरण मागवावे' एवढं लिहून तो माझ्याकडेच परत पाठवतील. चार महिने फिरेल कागद, आणि मी घरी बसेन. खरं सांगू? मला वाटतं, माझ्या हातालाही तेच हवंय."

बाईंनी कागदांच्या घड्या पुन्हा घातल्या. डोळे पुसायला चष्मा काढावा लागला असता, म्हणून त्यांनी नुसतंच नाक ओढलं.

"सर्दी झाली का तुला?" दादा म्हणाला.

"हो. आत्ताच झाली."

तो थोडा हसला. मग कठड्यावरून उठला, त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. लहानपणी वडिलांसमोर प्रगतिपुस्तक धरून उभा राहायचा तसाच, पाय जुळवून. ज्याच्या एका शब्दावर कारखाने थांबायचे, तो माणूस धाकट्या बहिणीच्या तोंडाकडे बघत होता.

"तू लिहून दे," तो म्हणाला. "तू पाचवीच्या पोरांना समजावतेस तसं. कोण, काय, कधी. दहा कारखान्यांची नावं मी सांगतो, क्रमवारीनं घाल. पहिल्या ओळीत माझं नाव घाल, आणि त्याला लागूनच ते वाक्य. मी म्हटलं जरा मवाळ कर, तर ऐकू नकोस. वाटेल तेवढी ओरड, पण मला त्यातला शब्द बदलू देऊ नकोस. आज, आत्ता घरी जाऊन लिही. उद्या साडेदहाला खिडकी उघडते. माझी सही होईपर्यंत उठू नको गं समोरून."